तिसरा किलोवॅट कशाला? नेट मीटरिंगचा हिशोब

घरावर सोलरची पॅनल दिसली की येणारा जाणारा एकच विचारतो, "काय मग, बिल झिरो का?" पावणे, शेजारी, गॅसवाला, सगळे. झिरो येत नाही हो. स्थिर आकार नावाचा एक प्रकार बिलावर असतो, तो तुम्ही महिनाभर एक युनिट ओढलं नाही तरी लागतो, मीटर आहे म्हणून लागतो. पण ते जाऊ दे, ती रक्कम काय फार नसते. मला जास्त गंमत वाटते ती पुढच्या प्रश्नाची, "किती किलोवॅट बसवलं?" आणि मी दोन म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकदम कीव येते. "दोनच? अहो तीन घ्यायचे की, सबसिडी पूर्ण मिळते." हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

आधी नेट मीटरिंग म्हणजे काय ते साध्या भाषेत, कारण बऱ्याच जणांना वाटतं आपण वीज विकतो आणि सरकार पैसे देतं. तसं काही नाही. आम्ही सांगलीकडचे, त्यामुळे डेअरीवरून सांगतो. समजा सकाळी तुम्ही डेअरीला पाच लिटर दूध घातलं आणि संध्याकाळी घरी दूध कमी पडलं म्हणून तिथनंच चार लिटर परत आणलं, आणि डेअरीवाल्यानं काय केलं तर फॅट बघितली नाही, दर बघितला नाही, सरळ लिटरला लिटर वजा टाकून एक लिटर तुमच्या नावावर जमा ठेवलं. बस. दुपारी दोन वाजता छतावरून गेलेलं युनिट आणि रात्री नऊ वाजता टीव्ही, पंखे, मिक्सर चालू असताना लाइनीतनं आलेलं युनिट, दोन्ही सारखीच. बाजारात या दोन युनिटांची किंमत सारखी नसते, दुपारी देशभरात सोलर ओसंडत असतं आणि संध्याकाळी सातला वीज कंपन्यांची पळापळ असते, पण घरगुती ग्राहकाला त्याच्याशी देणंघेणं नाही. सगळी मेख इथंच आहे आणि सगळी भांडणं पण इथंच आहेत, त्यावर नंतर येतो.

मीटरचं बघा. नवीन मीटर दोन्हीकडनं मोजतो, इम्पोर्ट म्हणजे लाइनीतनं घरात आलेलं, एक्सपोर्ट म्हणजे घरातनं लाइनीत गेलेलं. आता हमखास होणारा घोळ सांगतो. मोबाइलवर इन्व्हर्टरचं (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र) ॲप दाखवतं की या महिन्यात २४० युनिट बनली, आणि बिलावर एक्सपोर्ट दिसतं १५०. झालं, माणूस हादरतो, ९० युनिट गेली कुठं, कोण खातंय. कोण नाही खात. दिवसा तुमचा फ्रीज चालू होता, पाण्याची मोटर चालली, आईनं दुपारी मिक्सर लावला, ती वीज पॅनलवरून थेट घरात गेली, मीटरपर्यंत पोचलीच नाही, मग मीटर ती मोजणार कशी. म्हणून घराचा खरा वापर काढायचा तर इम्पोर्टमध्ये ही ९० मिळवायची. हे एकदा कळलं की अर्धी डोकेदुखी संपते. सोलरचं उत्पादन मोजायला वेगळा जनरेशन मीटर पण असतो, त्याचं रीडिंग आणि ॲपचं रीडिंग अधूनमधून ताडून बघत जा, थोडाफार फरक असतोच, पण फार फरक दिसला तर बघायला हवं.

आता मुद्द्याचं, तिसरा किलोवॅट.

आपल्याकडं एक किलोवॅटमधून वर्षाला साधारण १४०० ते १५०० युनिट निघतात, म्हणजे सरासरी दिवसाला चार, महिन्याला १२० धरा. जागा लागते शंभरेक चौरस फूट, आणि ती सावली नसलेली, टाकीची, नारळाच्या झाडाची, शेजारच्या नवीन मजल्याची सावली पडणारी नाही. समजा एका घराचा वापर महिन्याला सरासरी २८० युनिट आहे. दर मी २०२४-२५ चे घेतो कारण ते बिल माझ्याकडं समोर आहे, महावितरणचे घरगुती, वहन आकारासकट (वीज घरापर्यंत आणून द्यायचा आकार) पहिल्या १०० युनिटला ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे आणि ५०० च्या वर १७ रुपये ८१ पैसे. नंतर नवे दर आदेश आले, आकडे खालीवर झाले, पण पायऱ्या आहेत तशाच आहेत आणि सगळा खेळ पायऱ्यांचाच आहे. यावर १६ टक्के वीज शुल्क असतं ते वेगळं, हिशोब सोपा राहावा म्हणून ते सोडून देतो.

२८० युनिटचं बिल होतं साधारण २६५० रुपये. पहिला किलोवॅट बसवला, १२० युनिट वजा झाली, राहिली १६०. जी १२० गेली ती वरच्या पायरीवरची गेली, ११ रुपये ४६ पैशांची, म्हणजे वाचले १३७५ रुपये. दुसरा किलोवॅट, अजून १२० वजा, राहिली ४०. यावेळी ६० युनिट महागडी गेली आणि ६० स्वस्तातली, वाचले १०४० रुपये. आता तिसरा किलोवॅट बसवा. वापरातली राहिली होती फक्त ४०, ती पण ५ रुपये ८८ पैशांची, म्हणजे वाचले २३५ रुपये. दोनशे पस्तीस! आणि ८० युनिट जमा. एकाच छतावरचे, एकाच कंपनीचे, एकाच उन्हातले तीन किलोवॅट, आणि कमाई बघा, १३७५, १०४०, २३५. सोलरचं युनिट केवढ्याचं हे ऊन ठरवत नाही, ते युनिट तुमच्या बिलाच्या कुठल्या पायरीवरचं युनिट उडवतं ते ठरवतं.

आता तुम्ही म्हणाल की जमा ८० युनिटांचं काय, ती पुढच्या महिन्यात जातात ना. जातात. पण ३१ मार्चपर्यंत. आर्थिक वर्ष संपलं की जी काही शिल्लक असेल ती वीज कंपनी राज्य वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं विकत घेते आणि तो दर असतो तीन रुपयांच्या आसपास, आणि एक एप्रिलला खातं परत शून्यावरून सुरू. आणि ही तारीख कुणी शोधून काढली असेल त्याला खरंच दंडवत, कारण आपल्याकडं डिसेंबर ते मार्च ऊन कडक, आभाळ साफ आणि घरात एसी कूलर बंद, म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त शिल्लक नेमकी याच चार महिन्यांत साठते, आणि एप्रिलचा उकाडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती तीन रुपयांनी मोकळी होते, मग एप्रिल-मेमध्ये तुम्ही एसी लावला की साठवलेलं काहीच नसतं. तारीख ३० जून असती तर चित्र वेगळं असतं. उलटा फायदा एवढाच की एप्रिल-मेमध्ये जे जास्तीचं पडतं ते जुलै-ऑगस्टला कामी येतं, पावसाळ्यात उत्पादन पार खाली येतं, आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही.

तर ८० गुणिले १२ म्हणजे ९६० युनिट वर्षाची, त्याचे तीनेक हजार. आणि दरमहा २३५ चे वर्षाला २८०० च्या आसपास. म्हणजे तिसरा किलोवॅट वर्षाला पावणेसहा हजार देणार. त्यासाठी सबसिडी वजा जाऊन तीस-चाळीस हजार घालायचे, सहा-सात वर्षांत वसूल. अगदीच तोटा नाही, हे मान्य. पण पहिला किलोवॅट अडीच वर्षांत वसूल होतो हे पण बघा की.

मग सगळे तीनच का विकतात? सोपंय. पंतप्रधान सूर्यघर योजनेत, ही फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार अशी सबसिडी आहे, तीनला ७८ हजार, आणि तिथून पुढं कितीही लावा ७८ च. त्यामुळं ७८ हजार हा आकडा प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक रिक्षाच्या पाठीमागं छापलेला. आकडा नीट बघितला तर त्यातच कळतं की सरकारनं स्वतःच तिसऱ्याला कमी दिलेत. पण "पूर्ण सबसिडी" म्हटलं की आपल्या माणसाला अर्धवट काही घ्यायला जिवावर येतं.

याचा अर्थ तीन कुणीच घेऊ नये असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये भांडायला येऊ नका. ज्यांचा वापर महिन्याला ५०० आहे त्यांचा हिशोब वेगळा. त्यांचा पहिला किलोवॅट १५ रुपये ७२ पैशांची युनिटं उडवतो, तिथं महिना १८८६ वाचतात, दुसऱ्याला १७१६ आणि तिसऱ्याला पण १३७५. त्यांनी डोळे झाकून तीन घ्यावेत, चार पण परवडेल. तसंच ज्यांच्या घरी पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर येणार आहे, इंडक्शन शेगडी घ्यायचीय, सोलर गीझर काढून साधा लावायचाय, त्यांनी तो वापर आधीच मिळवून धरावा. आणि ज्यांचं बिल मुळात १०० युनिटच्या आत आहे त्यांना एक किलोवॅट पण स्वतःच्या पैशानं परवडायला वेळ लागतो, कारण ते उडवणार काय तर ५ रुपये ८८ पैशांचं युनिट. राज्य सरकारनं २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि १०० युनिटच्या आतल्या ग्राहकांसाठी स्मार्ट नावाची वेगळी योजना काढली ती त्यासाठीच, वरून जास्तीचं अनुदान देऊन.

त्यामुळं किलोवॅट किती हे छताकडं बघून ठरवायचं नाही, मागच्या बारा महिन्यांची बिलं पुढ्यात घेऊन ठरवायचं. बिलाच्या खाली तो छोटा उभ्या काड्यांचा तक्ता असतो ना, महिन्याचा वापर दाखवणारा, आपण कधी बघत नाही तो, तोच. कोटेशन द्यायला आलेल्या माणसानं बिल न मागता आधी टेप काढून छत मोजायला घेतलं तर त्याला चहा द्या आणि पाठवून द्या.

उत्पादनाबद्दल दोन गोष्टी सांगायच्यात ज्या विकताना कुणी सांगत नाही. एक म्हणजे मे महिना हा सोलरचा राजा नाही. लोकांना वाटतं ४२ डिग्री ऊन म्हणजे वीजच वीज. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. पॅनलवर जो वॅटचा आकडा लिहिलेला असतो तो पॅनलचं तापमान २५ डिग्री धरून, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी पॅनल ६०-६५ ला सहज जातं, त्यावर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे दहा-पंधरा टक्के तिथंच गेले. मेमध्ये दिवस मोठा असतो म्हणून महिन्याची बेरीज बरी दिसते इतकंच, नाहीतर फेब्रुवारी-मार्चच्या थंड वाऱ्यातली स्वच्छ दुपार जास्त देते. आणि दुसरं म्हणजे काजळी. हे खास आमच्या भागाचं दुखणं. सांगली, सातारा, कोल्हापूर, गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या चिमणीतनं बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडांची, काळी राख उडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते तशी पॅनलवर बसते, आणि हा हंगाम नेमका ऊन चांगलं असतं त्याच महिन्यांत. धूळ वाऱ्यानं थोडी तरी जाते, ही चिकटते. मऊ फडकं आणि साधं पाणी, पहाटे नाहीतर संध्याकाळी, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. आमच्याकडं बाबांनी हे काम आनंदानं अंगावर घेतलंय, रिटायर झाल्यापासून त्यांना रोज वर जायला कारण हवंच होतं, आता ते ॲप बघून सांगतात की आज कुणाच्या पोरानं पतंग अडकवलाय.

अजून एक, आणि हे ऐकून बरेच जण नाराज होतात. लाइट गेली की सोलर पण बंद. भर दुपारी, टळटळीत उन्हात, छतावर पाच-सहा पॅनल असताना घरात पंखा बंद. हे बिघाड नाही, हे असंच बनवलेलं आहे. लाइन बंद झाली म्हणून वायरमन खांबावर चढला आणि तुमच्या घरातनं वीज लाइनीत येत राहिली तर त्याचा जीव जाईल, म्हणून ग्रिडला, म्हणजे लाइनीला, जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेल्यागेल्या स्वतःला बंद करून घेतो. लाइट गेल्यावर पण चालू पाहिजे तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, म्हणजे खर्च एकदम वर. ज्या भागात दिवसाचं भारनियमन जास्त आहे तिथं हे नेट मीटरिंगच्या हिशोबात धरलंच पाहिजे, लाइट नव्हती तेवढा वेळ तुमचं उत्पादन शून्य. आणि एका ट्रान्सफॉर्मरवर आजूबाजूच्या सगळ्यांनीच सोलर लावलं असेल तर दुपारी व्होल्टेज इतकं चढतं की इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेज दाखवून मध्येच बंद पडतो, परत सुरू होतो, परत पडतो. लाइनीच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर हे जास्त.

आता धंदेवाल्यांचं, कारण माझ्या ओळखीत दोघंतिघं विचारतायत. दुकान, गिरणी, हॉटेल, कोल्ड स्टोरेज, यांना डेअरीवाला फॅट बघतो. म्हणजे टीओडी, टाइम ऑफ डे, दिवसाच्या वेळेप्रमाणं वेगळा दर. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमात असं आहे की टीओडी ग्राहकाचं एक्सपोर्ट झालेलं युनिट आधी त्याच वेळेच्या वापरातनं वजा होतं, आणि त्या वेळेत वापरून उरलं तर ते स्वस्त वेळेतलं म्हणून धरलं जातं. आता जुन्या दरात सकाळी ९ ते १२ ही महागडी वेळ होती, कारखाने सुरू व्हायची वेळ, त्यामुळं सकाळचं सोलर भाव खाऊन जायचं, आणि स्वस्त होती रात्र. पण देशात सोलर इतकं झालं की चित्र पलटलं. केंद्रानं जून २०२३ मध्ये नियमच बदलला, उन्हाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी पाहिजे आणि गर्दीच्या वेळी व्यापारी-औद्योगिक ग्राहकाला किमान १.२ पट. म्हणजे ज्या वेळी तुमचं छत वीज बनवतं तीच वेळ सगळ्यात स्वस्त झाली, आणि उरलेलं युनिट संध्याकाळच्या महाग वापरावर टाकता येत नाही.

त्यामुळं धंद्यात किलोवॅट मोजायच्या आधी घड्याळ बघायचं. पिठाची गिरणी, फॅब्रिकेशनचं शेड, शाळा, बँक, दवाखान्याची ओपीडी, यांचा वापर उन्हातच होतो, वीज बनली की तिथल्या तिथं खपते, मीटरकडं जायचं कारणच नाही. सांगलीत हळद आणि बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत, त्यांचे कॉम्प्रेसर दिवसरात्र चालतात, दिवसाचा निम्मा भार सोलरवर जातो आणि थोडं डोकं लावलं तर दुपारी खोली जास्त थंड करून ठेवायची आणि संध्याकाळी कॉम्प्रेसर कमी चालवायचा, असं पण करता येतं. पण ज्याचं हॉटेल रात्री आठला भरतं, ज्याचा आइस्क्रीमचा धंदा दहाच्या पुढं, त्याला नुसतं नेट मीटरिंग दाखवून कुणी अमुक वर्षांत पैसे वसूल सांगत असेल तर त्याला एवढंच विचारायचं, "हा हिशोब टीओडी धरून केलाय का?" गप्प बसतो तो.

घरगुती ग्राहकाला पण हे वारं लागणार आहे, ते काही लपून नाही. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसा ९ ते ५ च्या वापरावर युनिटमागं ८० पैशांपासून सवलत जुलै २०२५ पासून जाहीर झाली. आज ती सवलत म्हणून आली, आणि चांगलीच आहे, वॉशिंग मशीन दुपारी लावायला काय जातंय. पण दिवसाचं युनिट स्वस्त म्हटलं की दिवसा तुम्ही दिलेलं युनिट पण स्वस्त धरा म्हणायला वीज कंपनीला एक पाऊल उरतं. कंपनीची बाजू अगदीच खोटी आहे असं मला वाटत नाही. आपण लाइनीचा वापर फुकटच्या बॅटरीसारखा करतोय, संध्याकाळी आपल्याला परत द्यायला त्यांना महागाची वीज घ्यावी लागते, आणि तारा, ट्रान्सफॉर्मर, वायरमन यांचा खर्च मग ज्याला स्वतःचं छतच नाही त्या भाडेकरूच्या बिलात जातो. पण दुसऱ्या बाजूनं आपण आपल्या पैशानं वीजकेंद्र उभं केलं, दुपारची वीज शेजाऱ्याच्या घरात गेली, वहनात काही गळती नाही, त्याचं मोल कोण धरतं. दोन्हीकडं दम आहे.

आणि ही ओढाताण आजची नाही. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम पहिल्यांदा २०१५ मध्ये आले, मग २०१९ मध्ये नवे, त्यात नेट बिलिंगचा पर्याय पण आला, म्हणजे आत येणारं युनिट वेगळ्या दरानं आणि बाहेर जाणारं वेगळ्या, स्वस्त दरानं. आणि राज्यात छतावरचं सोलर ५००० मेगावॅटपर्यंत पोचलं की ग्रिड सपोर्ट चार्ज, म्हणजे लाइनीच्या वापराचा वेगळा आकार, लावता येईल अशी तरतूद पण तेव्हाच करून ठेवली, दहा किलोवॅटपर्यंतच्यांना त्यातनं वगळून. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राच्या नियमात तर नेट मीटरिंग फक्त दहा किलोवॅटपर्यंत असं आलं होतं, उद्योगवाल्यांनी बोंब ठोकली आणि जून २०२१ मध्ये ते ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यातलं जे कमी ते, असं झालं. माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो, तिथं १५ एप्रिल २०२३ पासून नवीन सोलरवाल्यांना लाइनीत दिलेल्या युनिटचा मोबदला आधीच्यापेक्षा साधारण ७५ टक्के कमी केला, जुन्यांना जुन्या नियमात २० वर्षं ठेवलं. परिणाम असा की तिथं आता बॅटरीशिवाय सोलर लावणारा वेडा ठरतो. आपल्याकडं बॅटरीचे भाव उतरतायत, पाच-सात वर्षांत इथं पण तेच होईल असा माझा अंदाज. म्हणून सुद्धा मी मोठं सोलर बसवून जास्तीची युनिटं लाइनीत टाकत बसण्याच्या विरोधात आहे. जे घरात खपतं त्यावर कुणाचा नियम चालत नाही.

सोसायटीवाल्यांसाठी एक परिच्छेद, कारण खरा पैसा तिथं आहे आणि तिथंच सगळ्यात जास्त मीटिंगा होऊन काही होत नाही. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे यांचा जो कॉमन मीटर असतो त्याला दर घरगुतीच लागतो, पण पायऱ्या पण त्याच. चाळीस फ्लॅटचा पंप आणि लिफ्ट एकाच मीटरवर, महिन्याला दोन-अडीच हजार युनिट, त्यातली पहिली पाचशे सोडली तर सगळी सर्वात वरच्या पायरीवर, २०२४-२५ च्या दरानं १७ रुपये ८१ पैसे, शुल्क धरून साडेवीस रुपयांच्या वर. म्हणजे तिथल्या छतावरचं प्रत्येक युनिट साडेवीस रुपये वाचवतं! घरच्या तिसऱ्या किलोवॅटच्या जमा युनिटचे तीन रुपये आठवा. सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८ हजार सबसिडी पण आहे. पण होतं काय, गच्ची कुणाची यावर वाद, वरच्या मजल्यावरचे म्हणतात गळती झाली तर कोण भरणार, दोन जण म्हणतात आम्ही फ्लॅट विकणार आहे आम्हाला काय फायदा, आणि ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेवर. स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवता येतात, हे आधीच दाखवलं तर निम्मा विरोध मावळतो.

बसवायचं ठरलंच तर कागदांचं बघून घ्या. दहा किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक तपासणीची भानगड नाही, फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनं ती काढली, अर्ज मंजूर धरला जातो. पाच किलोवॅटपर्यंत लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर सुधारायची गरज पडली तरी तो खर्च कंपनीचा. सबसिडी पाहिजे तर पॅनल डीसीआर पाहिजेत, म्हणजे आतला सेल पण भारतात बनलेला, नुसतं पॅनल इथं जोडलेलं चालत नाही. ही थोडी महाग पडतात आणि कोटेशनमध्ये "मेड इन इंडिया" एवढंच मोघम लिहिलेलं असतं, तिथं डीसीआर हा शब्द लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवर जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, जुन्या कोटेशनचा कागद कुणी पुढं केला तर त्यात बघा. अर्थिंग डीसीचं, एसीचं आणि आभाळातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाचं अशी तीन वेगवेगळी, एकाच खड्ड्यात तिन्ही घालून मोकळं होणारे असतात.

आणि सगळ्यात जास्त अर्ज कशावर अडत असतील तर बिलावरच्या नावावर. आपल्याकडं निम्म्या घरांचे मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालीत. बिल चुलत्यांसकट सगळे भरतात, नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण लाइट तर येतेय. पण सबसिडी ज्याच्या नावावर मीटर त्याच्याच बँक खात्यात जाते, आणि नावातलं एक अक्षर आधारशी जुळलं नाही तरी अर्ज लटकतो. वारसाची कागदं, बाकीच्या वारसांची ना हरकत, घरपट्टीची पावती, हे गोळा करायला पॅनल बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, काका-आत्यांच्या सह्या घ्यायच्या म्हणजे दिवाळीतच सगळे एकत्र सापडतात. नाव बदलायचा तो अर्ज आधी टाका, सोलरवाल्याला फोन त्यानंतर.